मधुमतीचे नाव लाल यादीतून काढणेबाबत

प्रति,
माननीय श्रीमती शर्मिष्ठा घाटपांडे,
जिल्हा समन्वय अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक घरपोच देखभाल योजना,
लखनौ.

अर्जदार : चंद्रकांत विनायक उपळेकर, वय ८२, निवृत्त चाचणी अभियंता (रेल्वे), राहणार जानकीपुरम, लखनौ.

विषय : देखभाल सेविका श्रीमती मधुमती रावत यांच्यावर मी स्वतःच्या तोंडाने केलेले पाच आरोप मागे घेणेबाबत व त्यांना माझ्याकडे परत पाठविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची सुरक्षा पाहणी, दि. २९ ऑक्टोबर २०२५.
२) आपली नोटीस, दि. ६ नोव्हेंबर २०२५. (सुनावणी दि. १७ नोव्हेंबर, सकाळी अकरा.)

महोदया,

१. पुढे जे लिहिले आहे त्यावर आपला विश्वास बसणार नाही, हे मी आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला लखनौत छप्पन्न वर्षांत भेटला नव्हता. तो दि. २९ ऑक्टोबर रोजी भेटला, आणि त्यातूनच हे सगळे प्रकरण उद्भवले.

२. आपण मूळच्या साताऱ्याच्या, असे कळते. मी सांगलीचा. म्हणून अर्ज मराठीत करण्याचे धाडस करीत आहे. कार्यालयासाठी हिंदी प्रत जोडली आहे, परंतु हिंदीत मी जरा जास्तच रंगतो, सबब दोन्हींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरावी. डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे मी सांगत आहे आणि शेजारच्या श्रीमती पद्माताई टिल्लू लिहून घेत आहेत. त्या एका सरकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या टेबलासमोर सही करताना भल्याभल्यांना स्वतःचे नाव आठवत नसे. तेव्हा या अर्जातले अक्षर विश्वासार्ह आहे. मजकुराचे पुढे बघू.

३. प्रकरण समजण्यासाठी माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत मी चौतीस वर्षे चाचणी गाडीवर काढली. नवा डबा बनून आला की तो रुळावर ठराविक वेगाने पळवायचा, तो किती डुलतो, किती हादरतो ते मोजायचे आणि तक्ता भरून साहेबांना द्यायचा, हे काम. आता यातली एक गोष्ट आपल्या खात्याला माहीत नसावी. ज्या तक्त्यात सगळ्या रकान्यांत 'निरंक' असे, तो तक्ता आमचे साहेब परत फेकीत. दोष नसलेला डबा अजून जन्माला यायचा आहे. सबब सगळे निरंक याचा अर्थ चाचणीवाला गाडीत बसलाच नाही, स्टेशनवर समोसे खात बसला, असा धरला जाई. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगे : काहीच सापडले नाही तर खिडकीची काच वाजते असे लिहा, पण रकाना मोकळा सोडू नका. (मालगाडी नुसती कानाने ऐकून, तिसऱ्या वाघिणीत साखर आहे आणि ती ओली आहे, असे मी एकदा सांगितले होते व ते खरे निघाले होते. याचा या अर्जाशी संबंध नाही. ओघात आले.)

४. दि. २९ ऑक्टोबर रोजी आपल्या पाहणी अधिकारी कु. चेतना श्रीवास्तव माझ्या घरी आल्या. वागायला फार चांगली मुलगी. पाणीसुद्धा 'ले लूँ?' विचारून प्यायली. नियमानुसार तिने मधुमतीला बाहेर पाठवले. मधुमती गॅलरीत मेथी निवडत बसली. चेतनाताईंनी मांडीवर टॅब घेतला आणि मला सांगितले की एकूण चोवीस प्रश्न आहेत, मोकळेपणाने बोला, इथे तुम्हाला कोणी काही करणार नाही.

पहिला प्रश्न होता, गेल्या सहा महिन्यांत पडलात का. मी नाही म्हणालो. दुसरा, उपचारात हयगय होते का. नाही. तिसरा नाही, चौथा नाही. असे करत नऊ रकाने निरंक झाले, आणि महोदया, मला कपाळावर घाम आल्याचे जाणवले. हा तक्ता असाच वर गेला तर आपण काय म्हणाल? उपळेकर झोपेत उत्तरे देत होता, असेच म्हणाल. चौतीस वर्षांचा हात आहे. दहाव्या प्रश्नाला तो आपोआप वळला.

५. आणखीही एक कारण आहे, ते लपवून ठेवत नाही. आमच्या गल्लीत माझ्या बोलण्याला 'लंतरानी' म्हणतात. मराठीत लोणकढी थाप. लखनौत हा शब्द रागाने वापरत नाहीत, लाडानेच वापरतात, पण त्यामुळे ऐकणारा आधीच चारातले तीन हिस्से वजा करून ऐकतो. सब्जीवाला भैया माझी गोष्ट चालू असताना तोलणे थांबवत नाही. पद्माताई ऐकता ऐकता शब्दकोडे सोडवतात. मधुमती तर गोष्ट ऐन भरात आली की 'अच्छा बाबूजी, फिर?' म्हणते, आणि मी फिर सांगायला तोंड उघडले की त्यात रक्तदाबाची गोळी टाकते. चेतनाताई मात्र एक अक्षरही वजा न करता ऐकत होत्या, आणि वर लिहूनही घेत होत्या. माझी पत्नी लीलावती सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर माझे बोलणे असे कोणी लिहून घेतलेले नव्हते. अशा वेळी माणूस थोडा वाहवतो.

६. आता आरोप आणि त्यांची खरी हकीकत. मला बांधून ठेवतात का, या प्रश्नावर मी सांगितले की रोज दुपारी चार वाजता, खुर्चीला, आणि गाठ अशी की खलाशालाही सुटू नये. खरी गोष्ट अशी की गुडघ्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी पट्टा दिला आहे. तो मधुमती खुर्चीच्या पायाला अडकवते आणि वीसपर्यंत मोजते. सातनंतर मी एकदम पंधरा म्हणतो. ती पुन्हा आठपासून सुरू करते. या छळाला मी बांधून ठेवणे म्हटले.

अन्न हिरावून घेतले जाते का, यावर मी हो म्हणालो आणि डोळे पुसले. डोळे मोतीबिंदूमुळे एरवीही पाणावतात, पण त्या वेळी ते मी वापरून घेतले. प्रत्यक्षात थंडीची चाहूल लागताच मी एका ओळखीच्या रिक्षावाल्याकडून जुन्या लखनौतल्या चौक बाजारातून मक्खन मलाई, म्हणजे येथली थंडीतली फेसाळ मिठाई, मागवली होती. माझी साखर त्या आठवड्यात दोनशे ऐंशी होती. मधुमतीने आधी डॉक्टरांना फोन केला, मग तिचा मातीचा कुल्हड उचलला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या स्वतः संपवला. तो दिवस मी विसरलेलो नाही, परंतु त्याला उपासमार म्हणता येणार नाही.

कोंडून ठेवण्याबाबत : न्हाणीघरात मीच आतून कडी लावून घेतली होती आणि मग ती निघेना. मधुमतीने दाराबाहेर बसून पाऊण तास मला बोलते ठेवले, सुतार येईपर्यंत. तिला माझ्या सर्व गोष्टी त्या दिवशी सलग ऐकाव्या लागल्या. कोंडले गेले असेल तर तिला. दुसऱ्या दिवशी तिने ती कडीच काढून टाकली. धमकीबाबत : 'पद्मा दीदी को बता दूँगी' असे ती दिवसातून दोनदा म्हणते. ही धमकी आहेच, पण ती आपल्या कायद्यात बसेलसे वाटत नाही.

शेवटी मारहाण. येथे मी जरा जास्तच उंच गेलो. मी सांगितले की मधुमती ही अवधची माजी महिला कुस्ती विजेती असून तिने मला दिवाणखान्यात धोबीपछाड घातला. मधुमतीची उंची पाच फुटांच्या आत आणि वजन माझ्या लोखंडी ट्रंकेपेक्षा कमी आहे. चेतनाताईंनी विचारले, काही खूण आहे का? मी बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत काळानिळा डाग होता. त्यांनी त्याचा फोटो काढला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की दादाजी, आता घाबरू नका. मी तेव्हाच घाबरलो, पण गोष्ट संपवल्याशिवाय उठायची मला सवय नाही.

७. त्याच संध्याकाळी सहा वाजता मधुमतीला फोन आला की लगेच घर सोडा. तिने मला काही विचारले नाही. माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावल्या, गीझर बंद केला, मेथीची भाजी झाकून ठेवली. 'बाबूजी, अकेले नहाने मत जाइएगा,' एवढे म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

तिचे नाव लाल यादीत गेले. ही यादी जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांकडे फिरते, त्यामुळे तिला आता कोणत्याच म्हाताऱ्या माणसाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. अकरा वर्षे तिने हेच काम केले. माझ्याआधी अंथरुणाला खिळलेल्या दोन बायकांना तिने शेवटपर्यंत सांभाळले, आणि त्यांच्यापैकी एकीच्याही पाठीला जखम झाली नाही, असे आपल्याच कार्यालयाचे प्रशस्तिपत्र तिच्याकडे आहे. सध्या ती चौकात बहिणीकडे राहते आणि चिकनचे भरतकाम करते. डोळ्यांतून पाणी येते म्हणून ती सुई तिने बारा वर्षांपूर्वी खाली ठेवली होती. माझ्या करमणुकीपायी तिने ती पुन्हा उचलली.

आपल्या नोटिशीत लिहिले आहे की सेविकेने बाकीचे आरोप नाकारले, परंतु दंडावरील दुखापत कशी झाली हे सांगण्यास नकार दिला. तिचे उत्तर नोटिशीत जसेच्या तसे आहे : 'बाबूजी से पूछ लीजिए।' हे मौन म्हणजे कबुली, असे आपल्या चौकशी समितीने धरले आहे. १७ तारखेला ती पुन्हा तेच उत्तर देईल आणि आपण यादीवर कायमचा शिक्का माराल. म्हणून हा अर्ज.

८. मधुमतीच्या जागी योजनेने माझ्या सुरक्षेची जी व्यवस्था केली आहे, तीही कळवतो. रोज सकाळी नऊ वाजता फोन येतो आणि एक बाई हिंदीत सांगते की आपण सुरक्षित असाल तर एक दाबा. पहिल्या दिवशी मी एक दाबले. तिने आभार मानले. दुसऱ्या दिवशी मी दोन दाबले. तिने आभार मानले. तिसऱ्या दिवशी मी तिला लीलावतीच्या आजारपणाची सगळी हकीकत सांगितली, आणि तिने वेळ संपल्याचे सांगितले. आता ते बटण दाबण्याचे काम पद्माताईंचा पोपट करतो, व योजनेच्या नोंदीनुसार तो अत्यंत सुरक्षित आहे.

पद्माताई म्हणतात की त्यांच्याकडे पोपट नाही. ठीक आहे. पोपट वगळून वाचावे.

९. आता आपण साहजिकच विचाराल की पाचही आरोप खोटे, तर दंडावरचा डाग कशाचा? डाग खरा आहे, फोटोही खरा आहे. त्याचा खुलासा करण्याआधी एक बाब स्पष्ट करतो की मी पडलेलो नाही. हे ठासून सांगण्याचे कारण असे की आपल्या नियमाप्रमाणे ऐंशीच्या पुढचा माणूस एकदा पडला की समिती बसते, आणि तो एकटा राहण्यास लायक आहे की नाही ते ठरवते. माझा मुलगा अनिकेत हैदराबादला चौदाव्या मजल्यावर राहतो. गुणी मुलगा आहे. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, भिंतीला धरायच्या दांड्या बसवल्या आहेत, आणि मला सांगून ठेवले आहे की 'बाबा, एकदा जरी पडलात तर त्याच दिवशी तिकीट काढतो.' तेथे सगळे आहे. पण चौदाव्या मजल्यावर मालगाडी ऐकू येत नाही, आणि लीलावतीने लावलेली मधुमालती मला येथल्या फाटकावरच दिसते. सबब मी पडलेलो नाही.

खरी घटना अशी. दि. २४ ऑक्टोबर, सकाळी साधारण अकरा. मधुमती मेडिकलमध्ये गेली होती. मी घरासमोरच्या उतारावर योजनेने दिलेला चाकांचा वॉकर घेऊन उभा होतो. (सदर वॉकरचे पुढचे डावे चाक चालताना डुलते. ही बाब स्वतंत्रपणे गंभीर आहे, ती कोणी म्हातारा जायबंदी होण्याआधी तपासावी.) वॉकरच्या टोपलीत पाच किलो आट्याची पिशवी होती. एवढ्यात समोरच्या कडुलिंबावरून एक माकड उतरले. लाल तोंडाचे, वजनाने अंदाजे तीस किलो, चालण्यात एक प्रकारचा सरकारी आब. त्याने टोपलीला हात घातला. मी त्याला मराठीत समज दिली. ते थांबले, कारण त्याला मराठी कळत होते. आमच्या गल्लीत माझे मराठी ऐकत तीन पिढ्या काढलेली माकडे आहेत ही, आपल्याला नवल वाटायला नको. परंतु समजल्यावरही ते ऐकेना. त्याने वॉकरचा ताबा घेतला, त्यावर चढले आणि उतारावरून निघाले. मी पाठलाग केला. कंबर धरलेली असूनही मी चाळीस मीटर अंतर नऊ सेकंदांत तोडले, हे मी घड्याळात पाहिले. फाटकाजवळ आमची झटापट झाली, त्यात माझा दंड लोखंडी गजावर आदळला, डाग तेथला. माकडाने शेवटी वॉकर सोडला, माझ्याकडे पाहून मान लववली आणि झाडावर गेले. मधुमती या वेळी तेथे नव्हती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नंतर तिने मला बर्फ लावला. यापलीकडे तिचा या डागाशी संबंध नाही. घटनेला साक्षीदार कोणी नाही.

१०. येथे पद्माताईंनी पेन खाली ठेवले, चष्मा काढला आणि मोठ्याने जे म्हटले ते मीच त्यांना पुन्हा पेन उचलून शब्दशः लिहायला लावत आहे :

"चंद्रकांतराव, माकड नव्हते. मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. गरज नसलेल्या औषधासाठी तुम्ही मधुमतीला मेडिकलला पिटाळलेत. टोपलीत आटा ठेवलात, त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवलात, आणि वॉकर किती डुलतो ते बघायला त्या उतारावरून स्वतःला सोडलेत. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेला पडलात. तिने धावत येऊन तुम्हाला उचलले, आणि तुम्ही माझ्यादेखत तिला लीलावतीवहिनींची शपथ घातलीत की अनिकेतला कळता कामा नये. म्हणून ती समितीपुढे तोंड उघडत नाही. मीही उघडले नाही, ते माझे चुकले. आता माकड लिहून घ्यायला मला सांगू नका."

११. सदर विधान खरे आहे. मी पडलो. मधुमतीने उचलले.

समितीला बसायचे तर बसू द्यावे. आपल्याला विनंती एकच. १७ तारखेला मधुमती समोर उभी राहील तेव्हा तिला काही विचारण्याआधी आपण स्वतः सांगावे की उपळेकर बाबूजींनी घातलेली शपथ सुटली. माझे ती ऐकेल, पण तीन हिस्से वजा करून. आपले ऐकेल.

आपला,
चंद्रकांत विनायक उपळेकर
(सही माझीच आहे, वाकडी आली आहे.)
लखनौ, दि. १३ नोव्हेंबर २०२५

लेखनिक व साक्षीदार : पद्मा टिल्लू

प्रत माहितीसाठी : चि. अनिकेत उपळेकर, हैदराबाद.